मोटारीवरची पाटी

आज मी तुम्हाला आमच्याच एका गटाची फजिती सांगणार आहे. त्यात निम्मी चूक माझी आहे, म्हणून सांगायचा हक्कही मलाच.

गटाने बँकेचं कर्ज काढून मिरची कांडप मशीन घेतलं. दोन एचपीची मोटार, सिंगल फेज. कर्जाचा फॉर्म मी भरला, कोटेशन मी जोडलं. मशीन बसवलं मावशींच्या पडवीत, कारण जागा मोकळी आणि भाडं नाही. मावशींचं घर गावाच्या पार शेवटाला, डीपीपासून सगळ्यात लांब. तेव्हा हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

सकाळी चाचणी घेतली, मशीन झकास चाललं. पण बायका मिरची घेऊन येणार कधी? रानातून परतल्यावर, दिवेलागणीला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला मोटार नुसती घुमायला लागली, वेगच घेईना. आम्हाला वाटलं मिरची ओली असेल. कमी टाकली, बटण बंद-चालू केलं. मग जळका वास आला आणि धूर निघाला. वायंडिंग जळालं होतं. ऐन हंगामात आठ दिवस मशीन बंद, बायका मिरची घेऊन तालुक्याला गेल्या, आणि हप्ता काही थांबला नाही.

दुकानदाराने खराब माल दिला, असं आम्ही सगळ्या म्हणत होतो. वायरमन दादांनी मात्र आधी प्लगला मीटर लावला. सकाळी 225 व्होल्ट, संध्याकाळी सात वाजता 172. मोटारीच्या पाटीवर स्पष्ट लिहिलेलं होतं: 230 व्होल्ट. मी बीए झालेली बाई, पण ती पाटी मी वाचली नव्हती.

व्होल्टेज म्हणजे नळाच्या पाण्याचा दाब समजा. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट यायला हवेत. संध्याकाळी सगळ्यांची उपकरणं एकदम चालू होतात आणि लाइनच्या टोकाला दाब पडतो. दाब पडला की इस्त्री फक्त कमी तापते, तिचं काही बिघडत नाही. मोटारीचं तसं नसतं. 172 व्होल्टवर तिचा सुरू होतानाचा जोर जवळजवळ निम्मा होतो. वेग घेता येत नाही म्हणून ती जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. म्हणून मोटार घुमायला लागली की लगेच बटण बंद करायचं. आमच्यासारखं पुन्हा पुन्हा चालू करून बघायचं नाही.

उलटा प्रकारही आमच्या गावात झालाय. एका ताईंच्या भाच्याने अमेरिकेहून भाताचा कुकर आणला. तिकडे घरात 120 व्होल्ट असतात. भाच्याने पिन बदलणारा अडॅप्टरही दिला होता, पण तो फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. 120 चं तापणारं उपकरण 230 ला लावलं की ते जवळजवळ चौपट वीज ओढतं. भात शिजायच्या आत कुकर गेला. मोबाइलच्या चार्जरवर मात्र बहुधा 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं, तो दोन्हीकडे चालतो. तेही वाचूनच ठरवायचं.

पाटीवर वॅट लिहिलेले असतील तर त्यांना 230 ने भागा. 2000 वॅटची इंडक्शन शेगडी असेल तर उत्तर येतं पावणेनऊच्या आसपास. तेवढे अँपियर ती ओढणार. टीव्हीजवळचा लहान प्लग 6 अँपियरचा असतो. त्यात शेगडी लावली की प्लग वितळतो. तिला 16 अँपियरचा मोठा पॉवर प्लग हवा, मागे जाड वायर हवी आणि अर्थिंग हवंच. जाड पिन बसत नाही म्हणून ती तोडणाऱ्या बायका मी पाहिल्यात. ती तिसरी पिन आपल्याला शॉकपासून वाचवते, तिला हात लावू नका.

कोटेशनवर 'थ्री फेज' किंवा '415 व्होल्ट' दिसलं तर तिथेच थांबा. ती मोटार घरच्या साध्या कनेक्शनवर चालत नाही. आधी कनेक्शनचं विचारा, मग सही करा. आणि दुकानदार 'चालतंय हो ताई' म्हणाला, तर कशावर चालतंय ते कोटेशनवरच लिहून मागा.

आम्ही पुढे काय केलं? मोटारीपुरता स्टॅबिलायझर गटाला लगेच परवडेना. म्हणून वेळ बदलली. मिरची संध्याकाळीच आणून द्यायची, पिशवीला नावाची चिठ्ठी लावायची, आणि कांडप सकाळी सहा ते अकरा. यात एक रुपया खर्च झाला नाही. सुरुवातीला बायका कुरकुरल्या, कारण आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळेल अशी प्रत्येकीला भीती. म्हणून आता दोघींची पाळी लावली आहे, आणि पिशवी मालकिणीसमोरच बांधतात. कमी व्होल्टेजची तक्रार 1912 वर नोंदवली आहे, तक्रार क्रमांक गटाच्या वहीत लिहून ठेवला आहे.

प्लगला लावायचा, आकडा दाखवणारा एक छोटा मीटरही घेतला आहे. मावशींना वाचता येत नाही, पण आकडे ओळखता येतात. 210 च्या खाली दिसलं की त्या मशीनला हात लावू देत नाहीत, अगदी मलासुद्धा. काल संध्याकाळी सातला 181 होते.