संस्थेचे दप्तर आणि त्याची राखण
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



पन्नास वर्षांपूर्वी संस्थेचे दप्तर म्हणजे एक लोखंडी कपाट आणि त्याची किल्ली. आज पावत्या, सभासद-नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज हे सारे इंटरनेटवरील साठ्यात, म्हणजे ‘क्लाउड’मध्ये जाते. अनेक संस्थांत हा साठा एखाद्या कार्यकर्त्याच्या खाजगी खात्यावर असतो आणि ज्याच्या हाती लिंक, त्याला प्रवेश अशी मोकळीक असते. लिंक चार मोबाईलवर फिरली की कपाट चौकात उघडे पडले असेच समजावे.

त्या कपाटात देणगीदारांचे पॅन व आधार क्रमांक असतात. त्याहून नाजूक असतात ते साहाय्याचे अर्ज: कोणाचे तुटपुंजे उत्पन्न, कोणाच्या आजाराचा अहवाल. साधर्मिकाला दिलेले साहाय्य या हाताचे त्या हाताला कळू नये, ही आपली रीत. संकोच बाजूला ठेवून ज्याने हात पुढे केला, त्याची अब्रू राखणे हे विश्वस्तांचे कर्तव्य आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानेही माहितीची राखण ही माहिती गोळा करणाऱ्याची जबाबदारी मानली आहे.

ठेवा हलविण्याचे काम आपल्या समाजाला नवे नाही. मूडबिद्रीची धवला टीका ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत होती. सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद यांच्या प्रयत्नांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या प्रती करण्याचे काम सुरू झाले आणि १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला खंड प्रकाशित केला. मात्र शास्त्र सर्वांसाठी खुले व्हावे आणि गरजूचा अर्ज मोजक्यांनाच दिसावा, हा विवेक हवा.

आम्ही कापड व्यापारी गोदाम बदलताना ताग्यांची यादी करतो, नव्या जागी पुन्हा मोजतो आणि मगच जुनी जागा सोडतो. येथेही तेच करावे. प्रथम यादी करावी. ज्याची गरज संपली व जे ठेवणे कायद्याने बंधनकारक नाही, ते काढून टाकावे. अपरिग्रह येथेही लागू आहे. नवे खाते संस्थेच्या नावे असावे. प्रत्येक अधिकाऱ्याचा प्रवेश स्वतंत्र असावा आणि पासवर्डसोबत दुसरी ओळख-पडताळणी असावी. फाईली हलविल्यावर त्यांची संख्या जुळवावी, काही उघडून पाहाव्यात आणि एक प्रत इंटरनेटपासून अलग, कुलपात ठेवावी. त्यानंतर जुन्या लिंक बंद करून जुना साठा पुसावा. ही शेवटची पायरी राहिली तर नवे कुलूप लावूनही मागचे दार उघडेच राहते. पदाधिकारी बदलला की त्याच दिवशी त्याचा प्रवेशही बंद करावा.

सुवर्णमहोत्सवी वर्षात हे कार्य विश्वस्त मंडळाने ठराव करून हाती घ्यावे, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो. जय जिनेंद्र!