एका दिवसाची वारी

गुरुजनहो आणि बाकावरच्या मित्रांनो,

नोकरीनिमित्त आम्ही दोघं इस्रायलमध्ये हैफाला राहत होतो. एक दिवस रजा टाकून पहाटेच निघालो. आधी बेथलेहेम. येशूच्या जन्मस्थानावरच्या चर्चचं दार जेमतेम चार फुटांचं. राजा असो की रंक, वाकूनच आत जायचं!

दुपारी जेरुसलेम. येशूला जिथे पुरलं असं मानतात, त्या चर्चच्या दाराची जबाबदारी कित्येक शतकं मुस्लिम घराण्यांकडे आहे. आत शिरताच जमिनीवर एक लालसर शिळा दिसते. दफनापूर्वी येशूच्या देहाला इथेच सुगंधी तेल लावलं, अशी श्रद्धा. आताची शिळा १८१० सालची. बायका तिच्यावर तेल ओतून रुमालाने टिपून घेत होत्या.

मी थबकलो. त्याच वर्षी इथे ताथवड्यात आई गेली होती. मी वेळेत पोहोचलो नाही. तिची शेवटची अंघोळही माझ्या हातून झाली नाही. हिने काही न बोलता माझा हात शिळेवर ठेवला.

आईला खांदा तुम्ही दिलात. मडकं धरणारा तर आज पहिल्याच रांगेत बसलाय. शाळेत आपण एकमेकांचे आभार कधी मानले नाहीत, आजही मानत नाही. त्या शिळेपाशी तुमची आठवण काढली होती, एवढंच सांगायचं राहिलं होतं.