सशाची गाठ पिळायची नसते

आम्ही अकरा जणींचा बचत गट आहे. शेळ्या-कोंबड्या तर सगळ्यांच्याच दारात असतात, पण चार वर्षं झाली, आम्ही ससेही पाळतोय. त्यांची पिल्लं हौसेनं पाळणारी माणसं घेऊन जातात. आमच्या घरातल्या लेकरांनाही त्यांचा फार लळा आहे. आज आम्ही सशाला होणाऱ्या गळवाबद्दल बोलणार आहोत. त्यात आमच्या हातून एक मोठी चूक झाली. तीही सांगणार आहोत, म्हणजे ती तुमच्या हातून व्हायची नाही.

आमच्याकडे कापशी नावाची एक पांढरीशुभ्र मादी होती. गटातल्या एका आजींच्या नातीनं तिला हातावर वाढवलेली. एका पावसाळ्यात कापशीच्या जबड्याखाली बोराएवढी गाठ लागली. आम्ही म्हटलं, काहीतरी टोचलं असेल, बसेल आपोआप. पंधरा दिवसांत ती लिंबाएवढी झाली. मग आम्ही तेच केलं जे पोराच्या मांडीवरच्या केसतुडाला करतो. गरम पोटीस बांधलं, तोंड झाल्यासारखं दिसल्यावर पिळलं. थोडंसं पांढरं, घट्ट काहीतरी आलं आणि थांबलं. घरात लेकराच्या खोकल्याचं उरलेलं औषध होतं, अमॉक्सिसिलीनचं. एकीनं मेडिकलच्या दुकानात विचारलं, तर तिथं म्हणाले, पाजा की थोडं. आम्ही चार दिवस पाजलं. तिसऱ्या दिवशी कापशीनं खाणं टाकलं, मग पातळ हगवण लागली आणि पाचव्या दिवशी सकाळी ती पिंजऱ्यात गार पडलेली दिसली. नात काही बोलली नाही. दोन दिवस जेवली मात्र नाही.

आम्हाला वाटलं, गळवानं गेली. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गळवानं नाही, औषधानं गेली असणार."

त्याचं असं आहे. ससा दिवसभर चारा चघळतो आणि तो चारा त्याच्या आतड्यातले चांगले जंतू आंबवून पचवतात. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन, अँपिसिलीन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधं तोंडावाटे दिली की ते चांगले जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि ससा हगवणीनं दगावतो. माणसाच्या लेकराला चालणारं औषध सशाला मारक ठरतं. डॉक्टर कधी पेनिसिलीनचं इंजेक्शन देतात, ते कातडीखाली, आणि तेही वजन करून, मोजून. त्याला घाबरू नका. पण घरातली बाटली सशाच्या तोंडाला लावू नका.

आता गळवाचं बघू. म्हशीच्या अंगावरचं गळू पिकलं की पू पातळ होतो, चीर दिली की वाहून जातो. सशाचा पू पातळ होतच नाही. तो चक्क्यासारखा घट्ट असतो. शिवाय शरीर त्याच्याभोवती जाड पिशवी तयार करतं. वरून पिळलं तर थोडा बाहेर येतो, बाकीचा आतच राहतो, आणि दाबानं पिशवी आत फुटली तर पू आजूबाजूला पसरतो. म्हणून डॉक्टर शक्यतो ती पिशवीच अख्खी कापून काढतात. नुसत्या औषधानं सशाचं गळू क्वचितच बरं होतं.

ही गळवं येतात कुठून? अंगावर आली तर बहुतेक वेळा भांडणातल्या चाव्यानं, किंवा पिंजऱ्याची तार नाहीतर काटा टोचून. दोन मोठे नर एकत्र ठेवले की ते एकमेकांना फाडतात. तारेच्या जमिनीवर सतत बसून तळपायाला जखमा होतात, तिथंही पू धरतो. पण जबड्यावरचं गळू बहुतेकदा दातातून येतं. सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे दात तर आठवड्याला २ ते ३ मिलीमीटर वाढतात. ते झिजायला गवत दिवसभर चावावं लागतं. आम्ही कापशीला काय घालत होतो? पोळी, भाताची ढेप, मक्याचा भरडा, लेकरांच्या हातची बिस्किटं. मऊ खाऊन दात झिजले नाहीत. दाढांची मुळं जबड्यात मागं वाढत गेली आणि मुळाशी पू झाला. म्हणजे गाठ दिसली त्याच्या कितीतरी आधी आमची चूक सुरू झाली होती.

दुसऱ्या वर्षी आमच्या ढवळ्याला तसंच झालं. पण या वेळी गाठ वाटाण्याएवढी असतानाच बोटाला लागली. त्याची हनुवटी ओली राहायची आणि एका डोळ्यातून पाणी यायचं. मग गटाच्या बैठकीत वाद झाला. एक जण म्हणाली, "साडेतीनशेच्या सशाला हजारांचा खर्च कशाला? दुसरा आणू." तिचंही खोटं नव्हतं, पैसा सगळ्यांच्या घामाचा. तेव्हा कापशीच्या आजी म्हणाल्या, "विकताना आपण लोकांना सांगतो, जीव लावून पाळा. मग आपण काय करायचं?" शेवटी निम्मा खर्च गटाचा, निम्मा घरचा, असं ठरलं.

डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा एक्स-रे काढला, भूल देऊन गळवाची पिशवी आणि खराब झालेली दाढ काढली. जखम पूर्ण शिवली नाही, कडा कातडीला शिवून ती उघडी ठेवली, म्हणजे आतून भरत येईल. एक गोष्ट आम्हाला नवी होती. ऑपरेशनआधी माणसाला उपाशी ठेवतात, सशाला ठेवायचं नसतं. त्याला उलटी होत नाही, आणि पोट रिकामं राहिलं तर आतडं थांबतं.

घरी आणल्यावर त्याला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं. खाली भुसा नाही, स्वच्छ कागद आणि धुतलेलं फडकं. एक लिटर पाणी उकळून, गार करून त्यात सपाट दीड लहान चमचा मीठ घालायचो आणि डॉक्टरांनी दाखवलं तसं दिवसातून दोनदा जखम धुवायचो. हळद नाही, चुना नाही, राख नाही, रॉकेल तर मुळीच नाही. पिंजऱ्याला मच्छरदाणी बांधली, कारण माशी बसली की एका दिवसात अळ्या पडतात. हात आधी आणि नंतर साबणानं धुवायचे, हाताला जखम असेल तर हातमोजे घालायचे. ढवळ्याला महिनाभर इंजेक्शनं चालली. सहा आठवड्यांत जखम भरली.

खरं तेच सांगतो. जबड्याचं गळू परत येऊ शकतं, ढवळ्यालाही दर तीन महिन्यांनी दात दाखवायला न्यावं लागतं. कधी पू हाडात इतका शिरलेला असतो की डॉक्टरच सांगतात, आता त्रास वाढवू नका, शांतपणे जाऊ द्या. तो निर्णयही त्यांच्याशी बोलूनच घ्यायचा.

आता आमच्याकडे काय चालतं ते सांगतो. दर बुधवारी बैठकीआधी प्रत्येक सशाला हातात घेतो. कान धरून उचलायचं नाही. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली. जबड्याखालून, गालावरून, पाठीवरून, तळपायावरून बोटं फिरवतो. डोळे, हनुवटी बघतो, पुढचे दात बघतो. तराजूवर वजन करून वहीत लिहितो. वजन दोन आठवडे उतरत गेलं, तर गाठ नसली तरी दवाखाना. आणि ससा अर्धा दिवस काहीच खाईना, लेंड्या पडेनात, तर सकाळची वाट बघायची नाही.

खायला रोज त्याच्या अंगाएवढा ढीग गवताचा. हरळी, मारवेल, वाळलेलं गवत. थोडा मुळ्याचा पाला, कोथिंबीर. गाजराचा तुकडा बोटाच्या पेराएवढा. पोळी-भात-बिस्किट बंद.

तुमच्या तालुक्यात सशाचं ऑपरेशन होत नसेल तर विचारून घ्या. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे. परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. ही चौकशी ससा निरोगी असतानाच करून ठेवा. आम्ही प्रत्येक पिल्लाच्या विक्रीतले दहा रुपये औषधासाठी वेगळे काढतो, म्हणजे वेळ आली की वाद नको.

आणि पिल्लू देताना घेणाऱ्याला आम्ही तीन गोष्टी सांगतो. गवत घाला. आठवड्याला हात फिरवा. गाठ लागली तर पिळू नका, घरचं औषध पाजू नका, डॉक्टरांकडे न्या. हे सांगायचं काम आता कापशीच्या त्या नातीनं स्वतःकडे घेतलंय. ती सातवीत आहे, आणि समोरच्यानं तिन्ही गोष्टी परत म्हणून दाखवल्याशिवाय ती पिल्लू हातात देत नाही.