येणं झालं?



जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक येथील अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिलांच्या राखीव जागेवर अर्ज भरला. त्या तृतीयपंथी असल्याने छाननीत तो फेटाळला गेला. २ जानेवारी २०२१ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य ठरविला आणि त्याच महिन्यात त्या निवडून आल्या. मात्र संधी साधण्यासाठी आपण पुढे पुरुष म्हणवून घेणार नाही, हे त्यांचे निवेदन निकालात नोंदले गेले. (असे निवेदन आपणांपैकी कुणाला कधी करावे लागले आहे काय?)

मतदान एकांतात होते. आमची परीक्षा चारचौघांत झाली. धुळ्यात दर रविवारी आमची वाचनाची बैठक भरते. तेथील एका जुन्या सोबत्याने यापुढे आपण स्त्री म्हणून जगणार असल्याचे सांगितले. कुणी वाद घातला नाही, कुणी उठूनही गेले नाही. परंतु त्या दिवसापासून आमची भाषा चोरटी झाली. मराठीत क्रियापदच लिंग सांगते. 'आलास' म्हणावे तर अपमान, 'आलीस' म्हणायला जीभ रेटेना. म्हणून सगळे विचारू लागले, 'केव्हा येणं झालं?', 'चहा घ्यायचा ना?' या सौजन्याने ती एकटी पडली आणि महिनाभरात तिने येणे थांबविले.

ज्यांच्या ओसरीवर आम्ही बसतो, त्यांच्या वृद्ध आईने मात्र पहिल्याच रविवारी अहिराणीत 'उनी का माय?' असे विचारून पाण्याचा तांब्या पुढे केला होता. मी शेजारीच होतो. 'येणं झालं' हे शब्द प्रथम माझ्याच तोंडून निघाले. येत्या रविवारी तिच्या घरी जाऊन मी 'येतेस ना?' असे विचारणार आहे.