राहणीमानाच्या हिशेबात तास धरा



स्वागत समितीने अर्थशास्त्राच्या अध्यापकांचं हे संमेलन शीळफाट्याला भरवलं, याचा विशेष आनंद आहे. ‘आर्थिक वाढ, उत्पादकता आणि राहणीमान’ हा आढावा, न्यायमूर्ती रानड्यांच्या १८९२च्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानापासून आजवरचा, अध्यक्षीय भाषणाच्या छापील प्रतीत आहे. तो सवडीने वाचावा. मला आज एकच गोष्ट बोलायची आहे आणि तिच्यासाठी मी बरीच वर्षं थांबलो आहे.

आपण राहणीमान खर्चावरून मोजतो. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची रेषा २२५० उष्मांकांवरून आखली. प्रश्न पोटाचा होता, ते योग्यच केलं. पण खर्च वाढला म्हणजे माणूस वर आला, ही सवय आपल्याला जडली ती सुटली नाही. या फाट्यावर कोंडीत जळणारं पेट्रोल आणि शेअर रिक्षाचं भाडं उपभोग खर्चातच जमा होतं. गाड्या जितक्या रखडतील, तितकं कुटुंब कागदावर सुधारतं!

काल उत्पादकता आधी की वेतन आधी, यावर दोन सत्रं रंगली. माझ्या एका विद्यार्थिनीचं ऐका. ती महापेला नोकरी करते. कामात तरबेज झाली, पगार वाढला, डोंबिवलीतली भाड्याची खोली सोडून कल्याण-शीळ रस्त्यावर स्वतःचं घर घेतलं. दोन्ही पक्षांचं म्हणणं खरं ठरलं. सकाळी ती मला फाट्यावर दिसते. उरणकडून आलेले कंटेनरचे ट्रेलर मुंब्रा बायपासकडे वळत असतात, महापेच्या वळणावर गाड्या अडकलेल्या असतात आणि ही दुभाजकाशी उभी राहून पोळीची गुंडाळी खात असते; घरी बसून खाल्लं तर कंपनीची बस चुकते. मुलाच्या शाळेत काय झालं, ते तिला रविवारी कळतं. तिची पगाराची चिठ्ठी पुढे करून राहणीमान सुधारलं, असं मला कुणी सांगू नये.

त्या ट्रेलरचा तास मात्र सरकार मोजतं. जकात गेली, २०१७ला जीएसटी आला, भिवंडीत गोदामं वाढली, २०२२ला मालवाहतुकीचा खर्च घटवण्यासाठी राष्ट्रीय धोरण आलं. आलंच पाहिजे होतं. पण ट्रेलरशेजारी उभ्या असलेल्या बाईचा तास कुठल्या धोरणात आहे? रस्त्याचा प्रस्ताव मंजुरीला जातो, तेव्हा प्रवाशांच्या वाचणाऱ्या वेळेला रुपये लावून फायदा दाखवतात. रस्ता झाल्यावर ती वेळ वाचली का, हे पाहायला क्वचितच कुणी फिरकतं.

जिल्ह्याच्या उत्पन्नाचंही तेच. उत्पन्न जिथे निर्माण होतं तिथे धरायचं, असा नियम. ठाणे जिल्ह्यातल्या दिव्याचा माणूस वांद्र्याला राबतो, त्याचं उत्पादन मुंबईच्या खाती जातं. लोकलला लटकणं ठाण्याच्या वाट्याला. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ माणसं गाडीतून पडून मेली, ती सकाळच्या कामाच्या वेळेलाच.

सहकारी म्हणतात, थोडं थांबा, मेट्रो येतेय. बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलाकडे जाणारा २१ किलोमीटरचा बोगदा याच शीळफाट्यापासून आहे. हे सगळं व्हावं, असं मलाही वाटतं. पण माझ्या वर्गातली मुलं थांबता थांबता पन्नाशीला आली.

मोजता येत नाही, ही सबब आता उरलेली नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ आणि २०२४ साली लोक वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. धनंजयराव गाडगीळांनी पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तशी आपण शीळ, दिवा, काटई या पट्ट्याची करू. प्रश्नावली आणि खर्चाचं पुढे ठरवता येईल. कार्यकारिणीने समिती तेवढी नेमावी.

तोवर एवढं करा. जूनमध्ये कॉलेजं उघडली की दुसऱ्या वर्षाच्या मुलांना वही घेऊन या फाट्यावर पाठवा आणि पगार विचारण्याआधी, घरून किती वाजता निघालात, हे विचारायला सांगा.