महाशक्ती, जनुकं आणि मेळघाट



कालची मुलं शक्तिमान बघत वाढली, आजची एक्स-मेन बघतात. ही अचाट शक्ती येते कुठून, हे मुलं विचारतातच, आणि हल्लीचे लेखक उत्तर जनुकांत शोधतात. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी संपादित केलेली ‘वाइल्ड कार्ड्स’ ही पुस्तकमाला 1987 साली सुरू झाली. जग एकच, लिहिणारे अनेक. त्यात 1946 साली न्यूयॉर्कवर परग्रहावरचा विषाणू पसरतो आणि माणसाची जनुकंच बदलून टाकतो. शंभर बाधितांतले नव्वद मरतात, नऊ विद्रूप होतात, एकालाच शक्ती लाभते. अनेकांनी मिळून जग उभं करायचं तर असा पक्का हिशेब लागतोच. शिवाय इथे शक्ती फुकट मिळत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

तरी माझं पुरतं समाधान होत नाही. तिथे सगळा मामला नशिबाचा. खऱ्या जनुकांचा कारभार बघायचा तर आपल्या मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याकडे वळू.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भाला नवा नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदलतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येऊन बसतं. हे जनुक आई-बाप दोघांकडून आलं, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अंग असह्य ठणकतं. अकोल्याच्या मे महिन्यात अंगातलं पाणी कमी झालं, तरी हा त्रास उसळू शकतो. एकाकडूनच आलं तर माणूस ‘वाहक’. एरवी ठणठणीत. आणि फाल्सिपेरम मलेरियाच्या जीवघेण्या तडाख्यातून वाहक बाळ वाचण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त. हिवतापाच्या रानात ही महाशक्तीच म्हणायची!

तपासणी साधी आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन नळीतल्या द्रावणात टाकतात आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकलचं हिमोग्लोबिन आहे. पण वाहक आणि रुग्ण, दोघांचंही द्रावण गढूळच होतं. फरक कळायला इलेक्ट्रोफोरेसिस करावं लागतं. पहिल्याच चाचणीवर गावात बोभाटा होतो आणि पोरीचं जमलेलं लग्न मोडतं, याची मला चीड येते. दोघंही वाहक असतील, तर दर खेपेला चारात एक शक्यता मूल रुग्ण असण्याची. म्हणून तपासणी नवऱ्या मुलाचीही हवी, आणि सुपारी फुटण्याआधी हवी.

कथाविश्व रचणाऱ्यांनी यातून एक गोष्ट जरूर घ्यावी. ही शक्ती जागेला बांधलेली असते. मेळघाटातलं वाहकांचं कुटुंब अकोला शहरात येऊन स्थिरावलं, हिवताप मागे राहिला, तर शक्तीचं काम संपतं. जनुक मात्र नातवंडांपर्यंत जातंच. शत्रू उरला नाही, पण किंमत अजून मोजावी लागते आहे, असा नायक मला वाचायचा आहे.