दावणीची बैलजोडी
(दुष्काळनिवारण कमिटीच्या सभेत वाचलेले भाषण)



दुष्काळ म्हणजे केवळ अन्नाची टंचाई, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु गावोगाव हिंडताना आम्हांस जे दिसले ते निराळे आहे. दुष्काळ माणसाच्या ताटाआधी त्याच्या जागेवर घाला घालतो. काल ज्याच्या खळ्यावर इतर जन धान्यासाठी येत, तोच आज घमेले घेऊन हजेरीपटावर नाव लावण्यास उभा राहतो. मृग कोरडा जातो, आर्द्रा कोरडी जाते, आणि चार महिन्यांत संसाराची घडी विस्कटून जाते.

सन १९७२ साली महाराष्ट्रावर असाच प्रसंग गुदरला. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर राबत होती. कोणी खडी फोडीत होते, कोणी बांध घालीत, तर कोणी पाझर तलावाची माती वाहत होते. त्यांत भूमिहीन मजूर होते, तसे स्वतःची जमीन असलेले कुणबीही होते. परदेशची तांबडी मिलो दळून आणि मुलांस सुकडी चारून त्यांनी दिवस काढले. हे त्यांनी सोसले ते केवळ धीराच्या बळावर नव्हे. हातास काम होते, कामास दाम होता, आणि अवघा गाव एकाच रांगेत असल्यामुळे कोणास कोणाची लाज उरली नव्हती. त्याच अनुभवाने बळ दिलेला रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत होऊन १९७९ पासून अमलात आला.

तथापि दिवस फिरले तरी माणूस तरतो, हे अर्धेच सत्य होय. पुन्हा पाऊस पडला म्हणजे ज्याची बैलजोडी दावणीस असते, तोच पुन्हा शेतकरी होतो. अडचणीत आधी दागिना जातो, मग भांडी जातात, मग गुरे आणि शेवटी जमीन. दुष्काळात सर्वच विकू लागतात म्हणून गुरांचा भाव पडतो. पावसानंतर सर्वच घेऊ लागतात म्हणून तो चढतो. या दोन भावांच्या दरीत कित्येक घरे कायमची बुडतात.

एका गावी एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. आम्ही धान्य देऊ केले; ते त्यांनी घेतले नाही. कडबा असल्यास द्यावा, एवढेच त्यांनी म्हटले. आपणांस काय हवे ते त्यांस आमच्यापेक्षा अधिक कळत होते. सन २०१२-१३ च्या टंचाईत सातारा, सोलापूर, बीड आदी जिल्ह्यांत चारा छावण्या उघडल्या, तेव्हा किती कुटुंबे घरदार सोडून गुरांपाशीच राहिली! फिरलेल्या दिवसांशी जुळवून घेण्यास ती तयार होती. परतीची वाट मात्र ती विकू इच्छीत नव्हती.

म्हणून आमची विनंती एवढीच की, साह्य करावयाचे ते बाजारात बैल उभा राहण्यापूर्वी करावे. कडबा द्या, बियाणे द्या, पेंड द्या. आणि जो मागण्यास येत नाही त्याचे दार आधी शोधा. आज आपण ज्यास देत आहो तो भिक्षेकरी नव्हे. तो काल देणारा होता, आणि ईश्वरकृपेने पाऊस झाल्यास उद्या पुन्हा देणारा होणार आहे. फूल ना फुलाची पाकळी, पण वेळेवर द्यावी, अशी सर्वांस नम्र प्रार्थना आहे.